चोरीचा माल परत मिळवायचाय? मग पोलीस ठाण्याचं काम कसं चालतं ते माहीत हवंच

विहिरीवरची मोटर गेली, केबल कापून नेली, आठवडी बाजारात मोबाईल मारला. तरी "पोलिसात जाऊन काय होणार?" म्हणून बरेच जण गप्प बसतात. पुढे चोर सापडतो, माल जप्त होतो, पण मालकच माहीत नसल्याने तो ठाण्याच्या आवारात गंजत पडतो. म्हणून ही माहिती.

कोण काय बघतं?
जिल्ह्याचे प्रमुख पोलीस अधीक्षक, म्हणजे एसपी. त्यांच्या हाताखाली उपविभागीय पोलीस अधिकारी. तालुक्याच्या ठाण्याला बहुतेक पोलीस निरीक्षक असतात, लहान ठाण्याला सहायक पोलीस निरीक्षक. गावं बीटमध्ये वाटलेली असतात आणि त्यावर बीट अंमलदार असतो. गाव आणि ठाणं यांच्यातला दुवा म्हणजे पोलीस पाटील. हे पद महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार आहे. आपल्या बीट अंमलदाराचा आणि पोलीस पाटलांचा नंबर मोबाईलमध्ये असू द्या.

तक्रार कशी नोंदवायची?
१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. त्यानुसार:
• घरफोडीसारखा दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. "आमची हद्द नाही" हे कारण चालत नाही.
• ऑनलाइन तक्रार दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते.
• एफआयआरची प्रत फुकट मिळते. मागून घ्या.
• काही गुन्ह्यांत आधी १४ दिवसांच्या आत प्राथमिक चौकशी करता येते.
• तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवायचं असतं.
• ठाण्यात दाद मिळाली नाही तर एसपींकडे लेखी अर्ज करा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
शिवीगाळ, किरकोळ भांडण यांची एनसी होते. त्याचा तपास न्यायालयाच्या आदेशाशिवाय होत नाही.

मोबाईल हरवला तर
अलीकडे अनेक ठाण्यांची ठळक कामगिरी म्हणजे हरवलेले मोबाईल शोधून परत देणं. हे सीईआयआर पोर्टलमुळे जमतं. मे २०२३ पासून ते देशभर सुरू आहे. आधी ठाण्यात तक्रार द्या, त्याच नंबरचं नवीन सिम घ्या, मग पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून फोन ब्लॉक करा. त्यात दुसरं सिम पडलं की माग लागतो. आयएमईआय १५ अंकी असतो. *#०६# डायल केलं की दिसतो. आजच वहीत लिहून ठेवा.
बँक खात्यातून पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. तातडीच्या मदतीला ११२ आहे.

माल परत कसा मिळतो?
जप्त माल म्हणजे मुद्देमाल. तो न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकाला मिळतो. त्यासाठी मालकी दाखवावी लागते. मोटरचं बिल, गाडीचं आरसी बुक, दागिन्यांची पावती जपून ठेवा. बिल नसेल तर मोटरवर नाव किंवा खूण कोरून फोटो काढा, ओळख पटवायला उपयोग होतो. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. त्या आठवड्यात अनेक ठाण्यांत मुद्देमाल परत देण्याचा कार्यक्रम होतो.

बातमीत न येणारं काम
बांधाचं भांडण डोकी फुटायच्या आधी मिटवणं, यात्रेचा बंदोबस्त, रात्रीची गस्त याचे आकडे बातमीत दिसत नाहीत. गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मात्र गंभीर गुन्हा गावकीत दाबू नका. तो ठाण्यातच नोंदवा.

तक्रारच नसेल तर सापडलेली मोटर कुणाची, हे पोलिसांना कळणार कसं? चोरी झाली तर आधी ठाणं गाठा.