तळटीप १४ : ‘बार्शी रोड’

बार्शी रोड : कुर्डुवाडी स्थानकाचे जुने नाव. कथेची नायिका आजच्या फलाटावर डोळे मिटते आणि उघडते तेव्हा समोर अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी उभी असते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही बार्शी लाइट रेल्वे १८९७मध्ये सुरू झाली. नायिकेच्या मुठीत पंढरपूरचे तिकीट आहे आणि तो फाटा १९०६चा. म्हणून तिची आणि तिथे तिला भेटणाऱ्या माणसाची ही भेट त्यानंतरची धरावी. ते रूळ आता उरलेले नाहीत. त्या दोघांना पुन्हा भेटायला जागाच राहिली नाही, हे वाचताना मन कासावीस होते.

नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये काळाची वाट चुकते ती इतिहासासाठी, इथे ती एका माणसासाठी चुकते.

पुढच्या प्रकरणात कथा अँग्लो-सॅक्सन इंग्लंडात, म्हणजे १०६६च्या नॉर्मन स्वारीआधीच्या काळात जाते. तिथल्या भाषेत ‘टून’ म्हणजे आधी कुंपण घातलेली जागा, मग वस्ती. नॉर्टन, सटन ही गावांची नावे त्यातूनच आली. आपल्या ‘वाडी’च्या मुळाशीही कुंपणच आहे. त्या परक्या गावात शिरताना नायिकेला घरी आल्यासारखे वाटते, ते यामुळे.