घरच्या टेस्ट किटमधली कागदी पट्टी चालते कशी?
मे २०२१ मध्ये आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फला मान्यता दिली. कोविडची घरी करायची देशातली ही पहिली टेस्ट, तेव्हा किंमत होती २५० रुपये. नाशिकला घरी मीही ती केली. फोटो ॲपवर टाकायचा होता, पण खरं काम कागदासारख्या पट्टीचं. बॅटरी नाही, चिप नाही. नाकातल्या स्वॅबचा द्रव पट्टीवर आपोआप पुढे सरकतो. वाटेत विषाणूचं प्रथिन रंगीत कणांवरच्या अँटिबॉडीला चिकटतं आणि ‘टी’ रेघेवर अडकतं, म्हणून तिथे रंग दिसतो. ‘सी’ रेघ उमटली नाही तर टेस्टच बाद. निकाल १५ मिनिटांनी बघायचा, २० मिनिटांनंतरचा धरायचा नाही.

माझी फक्त ‘सी’ आली, अंगात ताप होता. विषाणू कमी असला की पट्टीला सापडत नाही, म्हणून लक्षणं असताना निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर करायचीच. मी केली. पॉझिटिव्ह निघाली.