वाटीला वाटी

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या अमेरिकेहून आला, तो एक नवीच विद्या शिकून आला. फराळाच्या बशा उचलल्या गेल्या आणि त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डझनभर लिंबे पिळली, साखरेचा पाक केला, इवल्याइवल्या पेल्यांच्या कडा लिंबाच्या फोडीने ओल्या करून साखरेत टेकवल्या आणि व्होडका, रस व पाक बर्फाबरोबर खळखळ हलवून, गाळून त्यांत ओतले. सॅन फ्रान्सिस्को शहरात १९७० नंतरच्या दशकात हा प्रकार निघाला. लिंबाच्या आंबटगोड गोळीवरून त्याला 'लेमन ड्रॉप' असे नाव पडले. तो एका घोटात संपवावयाचा असतो. (१९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली लागणारा परवाना माझ्यापाशी आहे, हे संपादकांच्या माहितीसाठी सांगून ठेवतो.) वहिनींकरिता त्याने व्होडका वगळून एक पेला भरला. त्यांनी चाखून पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं सरबतच! मीठ तेवढं घालायला विसरलास."

सारे हसले. पण वहिनी सहज जे बोलून गेल्या, ते इतिहासाच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. 'सरबत' आणि 'शराब' हे दोन्ही शब्द 'पिणे' या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. एक आपल्या माजघरात आला, दुसरा गुत्त्यात गेला, एवढेच. त्यांचा तिसरा भाऊ विलायतेस पोचला. अठराव्या शतकात इंग्रज गृहिणी रम किंवा ब्रँडीत लिंबाचा रस, साली आणि साखर मुरवून घरोघर एक पेय करून ठेवीत. त्याचे नाव 'श्रब', तेही त्याच धातूचे. साखरेचा खडा लिंबाच्या सालीवर घासून तिच्यातले सुगंधी तेल साखरेत उतरवून घेण्याची त्यांची युक्ती तर आजही शिकण्यासारखी आहे. सालीचा पिवळा भागच तेवढा घासावयाचा. खालचा पांढरा भाग लागला की कडवटपणा आलाच.

पण श्रबच्याही आधी 'पंच' आला आणि तो आला आपल्या किनाऱ्यावरून. १६३२ सालच्या एका पत्रात, कंपनीच्या पूर्व किनाऱ्यावरील वखारीत असलेल्या एका इंग्रजास लिहिताना, हा शब्द प्रथम आढळतो. पुढे १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत उतरला. तेथे त्याने दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे पेय पाहिले. गुलाबपाणी वाचून वाचकांना आपल्याकडील लग्नाचा मांडव आठवेल! आगरा-दिल्लीत वावरलेल्या फ्रेंच बर्निएने बंगालच्या वर्णनात असल्याच पेयाची नोंद केली आहे. त्यात गुळाच्या जातीच्या काळ्या साखरेची दारू, लिंबाचा रस, पाणी आणि जायफळ पडे.

दारू ही आपल्याकडील, लिंबू आपल्याकडील, साखर आपल्याकडील. मग नावही आपलेच असले पाहिजे, असे कोणासही वाटेल. डॉ. जॉन फ्रायर यालाही तसेच वाटले. हा इंग्रज वैद्य १६७३ पासून जवळजवळ नऊ वर्षे हिंदुस्थानात आणि इराणात होता. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासमयी इंग्रजांचा वकील रायगडावर गेला त्याची हकीकत ज्याने लिहून ठेवली, तोच हा फ्रायर. त्याने लिहिले आहे की गोव्याकडील उत्तम दारू नेरुळास होते. तिच्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज अंगातले त्राण घालवणारे एक पेय करतात. पाच जिन्नस पडतात म्हणून त्याचे नाव 'पंच'. पणजीसमोर मांडवीपलीकडे बार्देशात हे नेरुळ गाव आजही आहे. माडाच्या पोयीला छेद देऊन भंडारी माडी काढीत आणि तिची दारू भट्टीवर गाळली जाई. काजूची फेणी आज गोव्याची ओळख झाली आहे. पण काजू हा पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला पाहुणा. माड या किनाऱ्याचा जुना रहिवासी.

फ्रायरचा हा 'पाच' आपल्याकडे फार आवडीने सांगितला जातो. मीही तो अनेकदा ऐटीत सांगितला आहे. पण जिन्नस मोजू लागलो तेव्हा माझी पंचाईत झाली. मांडेल्स्लोच्या पेयात चार जिन्नस आहेत आणि बर्निएच्याही चारच. काही इंग्रज कोशकारांचे म्हणणे असे की हा शब्द खलाशांच्या 'पंचन' या पिंपावरून आला असावा. फ्रायर येथे राहिलेला, त्यामुळे त्याची साक्ष झिडकारता येत नाही. पण तो वैद्य होता, भाषापंडित नव्हता. मला स्वतःला वाटते की पाचाची गोष्ट नावाला मागाहून चिकटली असावी. नाव आपले नसले म्हणून काय बिघडले? पेल्यातली वस्तू आपली होती, ही गोष्ट कोशावर अवलंबून नाही.

तिचा पुरावा मुंबईच्याच दप्तरात आहे. १६९४ साली मुंबई सरकारने हुकूम काढला : खानावळीत पंच पिण्यास आलेल्या माणसास एक क्वार्ट चांगली गोव्याची दारू, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागण्याचा हक्क आहे, आणि त्याने आपला पंच आपणच करून घ्यावा. येथे तर तीनच जिन्नस. पाणी फुकटचे म्हणून मोजले नसावे. सरकारने स्वयंपाकाच्या कृतीत का पडावे? खानावळवाला पाणी घालून फसवीत असला पाहिजे, एवढाच तर्क मला करता येतो. आपल्या मापात सांगावयाचे तर साखर साडेएकोणीस तोळे, रस पंधरा-वीस कागदी लिंबांचा आणि दारू रसाच्या चौपट. अर्धा पौंड साखर वाटीने मोजली तर जवळजवळ रसाइतकीच भरते. म्हणजे सरकारी हुकूम असा की रस आणि साखर वाटीला वाटी.

या भांड्याभोवती बसणारी माणसे मात्र फार दिवस बसत नसत. १६९० साली मुंबईस आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने तेव्हाची एक म्हण नोंदली आहे. येथे आलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असा तिचा अर्थ. हिवताप आणि हगवण यांनी माणसे पटापट जात, आणि जी उरत त्यांना वाटे की पंचानेच प्रकृती बिघडते. मला हळहळ वाटते ती निराळ्याच गोष्टीची. त्या भांड्यात जे लिंबू पडत होते, त्याने हजारो खलाशी वाचले असते. कंपनीच्या १६०१ च्या पहिल्याच सफरीत कप्तान लँकॅस्टरने आपल्या जहाजावर रोज सकाळी तीनतीन चमचे लिंबाचा रस दिला, आणि इतर जहाजांवर रक्तपितीने, म्हणजे स्कर्व्हीने, माणसे लोळली असता त्याचे खलाशी उभे राहिले. १७४७ साली डॉ. जेम्स लिंडने बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून एका जोडीस रोज दोन संत्री व एक लिंबू दिले. तीच जोडी सर्वांआधी सुधारली. तरीही इंग्रज आरमाराने लिंबाच्या रसाचा शिधा सुरू केला तो १७९५ साली! लँकॅस्टरपासून जवळजवळ दोनशे वर्षे गेली. सुरतेस आणि मुंबईस हौसेसाठी पिळलेले लिंबू समुद्रावर औषध म्हणून कोणाच्या ध्यानी येईना.

आणि लिंबू तरी मूळचे कुठले? हल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की कागदी लिंबू म्हणजे महाळुंग आणि आग्नेय आशियातील एक रानटी लिंबू यांचे संतान. विलायती मोठे पिवळे लिंबू हे महाळुंग व कडू नारिंग यांचे. महाळुंगाला आज कोणी विचारीत नाही, पण या साऱ्या गोतावळ्याचा तो वडीलधारा आहे.

हे सारे मी पुतण्याला ऐकवले. तो म्हणाला, "काका, मग करून बघू या ना कंपनीच्या मापाने!" नेरुळची दारू काही घरात नव्हती, आणि सकाळची वेळ. तेव्हा ते अंग सोडून दिले. वाटीभर रस, वाटीभर साखर आणि गार पाणी एवढ्यावर काम भागवले. वहिनींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि काही न बोलता आणखी अर्धी वाटी साखर व चिमूटभर मीठ त्यात टाकून ढवळले.