आतड्यातला दरवान

गोळी गिळली म्हणजे ती रक्तात उतरली, असं आपण धरून चालतो. पण आतड्याच्या पेशींवर दरवान असतो, औषधाला बाहेर ढकलणारा. (मी बी.ए. झालेला कवी, मला दरवानच दिसणार!) १९७६ साली टोरांटोत ज्युलिआनो आणि लिंग यांना तो सापडला, कोल्चिसिनलाही न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींवर. नाव पी-ग्लायकोप्रोटीन. हृदयरोगावरचं डिगॉक्सिन तो असंच अडवतो. सोबत क्विनिडीन दिलं की दरवान त्यातच गुंततो, डिगॉक्सिन रक्तात वाढतं आणि जिवावर बेततं. नवी औषधं माणसाआधी पुष्कळदा माकडाला देतात. त्याचा दरवान आपल्याशी बराच जुळतो, तंतोतंत नाही. म्हणून दोघांची जनुकं वेगवेगळ्या पेशींत घालतात आणि पेशींच्या थरातून औषध कुठल्या बाजूला किती जातं, ते मोजतात.