दिलगिरी आणि माफी

आमच्या गल्लीत रस्ता खणला की पाटी लागते, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. 'माफी असावी' असं लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. दिलगीर व्हायला आपली चूक असावीच लागते असं नाही. माफी मागायची तर ती आधी कबूल करावी लागते.

ऑस्ट्रेलियात या एका शब्दावरून अकरा वर्षं गेली. १९१० ते १९७० या काळात तिथल्या आदिवासींची, विशेषतः मिश्र वंशाची मुलं सरकारने आणि मिशनऱ्यांनी घरातून उचलून नेली. दहात एक ते तिनात एक, हा १९९७ च्या चौकशी अहवालाचा अंदाज. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये संसदेत खेद व्यक्त केला, पण माफी नाही. आधीच्या पिढ्यांच्या कृत्यांची माफी आजच्यांनी का मागायची, हा त्यांचा मुद्दा. हेतू चांगला होता, असंही बरेच जण म्हणत.

हेतूचं म्हणाल, तर ब्रूस ट्रेव्होरोची गोष्ट ऐका. तेरा महिन्यांचं बाळ. १९५७ च्या नाताळात पोट दुखतंय म्हणून वडिलांनी शेजाऱ्यांबरोबर ॲडलेडच्या दवाखान्यात पाठवलं. बाळ बरं झालं, आणि आईवडिलांना न विचारता एका गोऱ्या कुटुंबाकडे दिलं गेलं. काही महिन्यांनी आईने पत्र लिहून विचारलं, बाळ कसंय, घरी कधी येईल? उत्तर आलं: सुधारतंय, पण उपचार अजून चालू आहेत. चक्क थाप! हेतू इतका चांगला, तर आईशी खोटं का बोलावं लागलं? मायलेकरांची भेट झाली ती जवळजवळ दहा वर्षांनी. वडील तोवर गेले होते.

ऑगस्ट २००७ मध्ये ब्रूसने सरकारविरुद्धचा खटला जिंकला, पाच लाख डॉलरहून जास्त भरपाई मिळाली. मग १३ फेब्रुवारी २००८ ला नवे पंतप्रधान केव्हिन रड संसदेत उभे राहिले आणि स्वच्छ शब्दांत 'सॉरी' म्हणाले, तीनदा. ती चित्रफीत मी दोनदा पाहिली. प्रेक्षकांत बसलेल्या म्हाताऱ्या बायकांचे चेहरे बघवत नाहीत.

त्या माफीबरोबर भरपाई मात्र नव्हती. केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या प्रदेशांपुरती योजना जाहीर केली ती थेट २०२१ मध्ये. ब्रूस तर माफीनंतर चार महिन्यांतच गेला. एक्कावन्न वर्षांचा होता.