खंभातच्या आखातात भरती का फुगते?

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर भरती सर्वत्र सारखी नसते. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीतील फरक कोचीजवळ जेमतेम एक मीटर, गोव्यात सुमारे दोन मीटर, मुंबईत पाच मीटरच्या आसपास, तर भावनगरजवळ दहा मीटरपर्यंत पोहोचतो. चंद्र-सूर्याचे आकर्षण सर्वत्र जवळपास सारखे असताना असे का घडते, याचे उत्तर समुद्रतळाच्या आणि किनाऱ्याच्या आकारात आहे.

भरती ही वस्तुतः अतिदीर्घ लाट होय. चार हजार मीटर खोलीच्या समुद्रात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते. ५० मीटर खोलीवर हा वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत उतरतो. वेग मंदावला की लाटेची उंची वाढते. किनाऱ्यालगतचा उथळ भूखंडमंच कोचीसमोर सुमारे ६० किलोमीटर, तर खंभातच्या आखातासमोर ३०० किलोमीटरहून अधिक रुंद आहे. त्यातच आखात आत निमुळते होत जाते आणि पाणी कोंडून वर चढते.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या उन्नीकृष्णन, शेट्ये आणि मायकेल या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये या भागाचे गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. दिवसातून दोनदा येणारी भरती आखाताच्या मुखापासून टोकापर्यंत सुमारे तिप्पट होते. एकदाच येणारी मात्र फारशी वाढत नाही, असे या अभ्यासात आढळले. झोपाळ्याला त्याच्या लयीत झोका दिला तरच तो उंच जातो, तसाच हा प्रकार आहे.

असे प्रारूप तयार करताना समुद्राचे लहान-लहान चौकोन पाडले जातात आणि प्रत्येकाची खोली नोंदवली जाते. खुल्या समुद्राच्या सीमेवर भरतीची पातळी दिली जाते. मग पाण्याचा उतार, तळाचे घर्षण आणि पृथ्वीचे परिवलन विचारात घेऊन संगणक प्रत्येक चौकोनातील पातळी व प्रवाह टप्प्याटप्प्याने काढतो. शेवटी हे उत्तर प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिले जाते.

एखाद्या बंदरातील भरतीचे भाकीत करण्यास प्रारूपाची गरज नसते. मुंबईत १८७८ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत आणि अशा नोंदींवरून वेळापत्रक मांडता येते. मात्र नोंदी भूतकाळाच्या असतात. किनाऱ्याचा आकारच बदलला तर काय होईल, हे त्या सांगत नाहीत. खंभातच्या आखातावर बांध घालून गोड्या पाण्याचा जलाशय करण्याची ‘कल्पसर’ योजना गुजरातने मांडली आहे. बांधामुळे आखाताची लांबी घटेल आणि भरतीची लयही बदलेल. कॅनडातील फंडीच्या उपसागरात वीजनिर्मितीसाठी बांध घातल्यास त्याचा परिणाम दूर अमेरिकेतील बोस्टनपर्यंत जाणवेल, असे तेथील प्रारूपांनी दाखवले होते.

अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत काढायची जहाजे मोठ्या भरतीवरच चढवली जातात. मुंबईत मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पर्जन्यजल समुद्रात जाण्यास वाव उरत नाही. अशा ठिकाणी काही सेंटिमीटरचा फरकही महत्त्वाचा ठरतो. खंभातच्या आखातात प्रवाहांबरोबर गाळाचे दांडे सरकतात आणि खोली बदलत राहते. त्यामुळे तळाची मोजणी वेळोवेळी न झाल्यास उत्तम प्रारूपाचे उत्तरही चुकू शकते.