परदेशी फोन स्वस्त कसा झाला?

पुनावळ्याशेजारच्या हिंजवडीचा इतिहास सांगताना आपण कंपन्या मोजतो. तिथून परदेशी गेलेल्यांचे घरी येणारे फोन मात्र विसरतो. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमानं सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. नेटवरून बोलणं तेव्हाही शक्य होतं, पण भारतात त्याला परवानगी नव्हती. परदेशी फोनची मक्तेदारी निगमाकडेच होती. १ एप्रिल २००२ला ती मक्तेदारी संपली आणि नेटवरून बोलायला मुभा मिळाली. २००३मध्ये स्काइप आलं. मात्र फुकट बोलायचं, तर दोन्हीकडे संगणक हवा. घरी नसेल, तर आईवडिलांनी सायबर कॅफे गाठायचा, तोही अमेरिकेतली वेळ जुळवून! २०१५मध्ये व्हॉट्सॲपवर कॉल आले, त्यांना ही अट नव्हती.

इथे फरक फक्त पैशांचा नाही. मिनिटं मोजून बोलताना तब्येत, पैसे, येण्याची तारीख एवढंच उरायचं. आता 'आज भाजी काय केली?' हेही विचारता येतं. पण जुनी पत्रं ट्रंकेत सापडतात, हे बोलणं कुठेच सापडणार नाही. म्हणून ज्यांनी ते फोन घेतले, त्यांच्या आठवणी आपण आत्ताच नोंदवायला हव्यात.